भिंती दोन-दोन
आज सकाळपासून डिपार्टमेंटच्या कॉरिडॉरमध्ये नकाशा काढणारा रोबो फिरवतेय. सरळ चालला की नकाशा सुरेख, वळला की भिंती दोन-दोन. आधी चाकं घसरतायत असं वाटलं (फरशी नुकतीच पुसलेली, मावशींवर उगाच चिडले), मग दुपारभर कालमन फिल्टरच्या (सेन्सरची मापं जुळवून रोबोच्या जागेचा अंदाज बांधणारं गणित) आकड्यांशी झटापट.

शेवटी सापडलं काय, तर लायडार (लेझरने अंतर मोजणारा सेन्सर) आणि आयएमयू (रोबोचं वळणं मोजणारा सेन्सर) यांच्या घड्याळांत 50 मिलिसेकंदांचा फरक! रोबो सेकंदाला 60 अंश वळतो, म्हणजे 3 अंशांची चूक. 20 मीटरवरची भिंत मीटरभर सरकणारच ना.

एक ओळ बदलली. संध्याकाळी रोबो फेरी मारून जिन्यापाशी परतला, लूप क्लोज झाला (म्हणजे आधीची जागा त्याने पुन्हा ओळखली) आणि भिंत एकच दिसली. गाईडना स्क्रीनशॉट पाठवला. उत्तर आलं, "छान. आता काचेच्या दारासमोर चालवून बघ."

लायडारला काच धड दिसत नाही हो, सर!