एला, जो पास आणि एक गिटार

मी हार्मोनियमची साथ करतो, त्यामुळे कुठलंही गाणं लावलं की माझा कान आधी साथीदाराकडे जातो. गायकाला तो कुठे सांभाळतो, कुठे मोकळं सोडतो, ते ऐकायचं. अमेरिकन जॅझ गायिका एला फिट्झजेराल्ड आणि गिटारवादक जो पास यांचा 'टेक लव्ह ईझी' हा अल्बम मी याच कानाने ऐकत आलोय, आणि अजून मन भरत नाही.

१९७३ सालचं हे रेकॉर्डिंग. एला तेव्हा ५६ वर्षांची होती. ऐन विशीच्या आत ड्रमवादक चिक वेबच्या बिग बँडबरोबर, म्हणजे मोठ्या जॅझ वाद्यवृंदाबरोबर, गायला लागलेली, नंतर भलाथोरला ऑर्केस्ट्रा मागे घेऊन एकेका संगीतकाराची सबंध गाणी गायलेली ही बाई. इथे तिच्याबरोबर फक्त एक गिटार आहे. ड्रम्स नाहीत, बास नाही, पियानोसुद्धा नाही. आवाजात वयाचा किंचित खरखरीतपणा आलाय, तो झाकायला कुणी नाही. मला तो तरुणपणीच्या लखलखीत आवाजापेक्षा जवळचा वाटतो.

आणि जो पास! अंगठ्याने खालच्या तारांवर बास चालवायचा, बाकीच्या बोटांनी कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वर, भरायचे, मध्येच एखादी सुरावट सोडायची. एकटा माणूस लयही धरतो आणि रंगही भरतो. पण त्याची खरी करामत न वाजवण्यात आहे. यातलं 'लश लाइफ' ऐका. बिली स्ट्रेहॉर्नची ही रचना भल्याभल्यांना घाम फोडते, कारण कॉर्ड अर्ध्या-अर्ध्या स्वराने सरकत राहतात आणि गाणाऱ्याला पाय टेकायला जागाच मिळत नाही. सुरुवातीचा भाग तर मोकळ्या लयीतला, तिथे ठेक्याचाही आधार नाही. एला शब्द ओढते तेव्हा तो थांबतो. ती ओळ सोडते, तेव्हा कुठे तो दोन-चार स्वर ठेवतो, आणि ते असे असतात की पुढच्या ओळीचा सूर तिच्या हातात आपसूक यावा. गवयाच्या आधी धावणारे साथीदार आपल्याकडेही काही कमी नाहीत. त्यांनी हे एकच गाणं आठवडाभर ऐकावं असं मला मनापासून वाटतं.

दोघांनी पुढे आणखी तीन अल्बम केले, १९८६ पर्यंत. १९७५ च्या हॅनोव्हरमधल्या मैफलीचं चित्रीकरणही आहे. त्यात जो पासचा डावा हात बघत बसावं.

हल्ली भावगीतांच्या कार्यक्रमात कीबोर्ड, ऑक्टोपॅड, ढोलक, साइड रिदम असा सगळा संच असतो. गायिका शब्दावर कुठे रेंगाळली, श्वास कुठे घेतला, हे पहिल्या रांगेतसुद्धा कळत नाही. वाईट वाटतं, कारण आपल्या भावगीतांत तर शब्दच मोठे.

माझी भाची गाते. घरगुती बैठकीसाठी या वेळी तबला नको, नुसती पेटी पुरे, असं तिनेच सुचवलं. रोज संध्याकाळी बसतोय. माझा डावा हात भात्यात अडकलेला, त्यामुळे जो पासचा तो अंगठा माझ्याकडे नाही. म्हणून भात्याच्याच दाबाने लय सुचवून बघतोय. समेवर जरा भरून हवा द्यायची, मग सैल सोडायचं. विलंबित गाण्यात ते जमतंय, द्रुतमध्ये अजून सूर हलतो.