खरकटं उचला, नाहीतर 300 डॉलर

सिंगापूरला येणारा प्रत्येक पाहुणा आधी खाण्याच्या जागांची यादी मागतो. यादी देण्याआधी एक नियम सांगावा लागतो, आणि तो ऐकला की पुण्या-मुंबईच्या माणसाच्या भुवया हमखास वर जातात. जेवून झालं की ट्रे, ताटल्या, चमचे, वापरलेले टिशू, स्ट्रॉ, कोळंबीची सालं, सगळं आपण उचलायचं आणि रॅकवर नेऊन ठेवायचं. ही विनंती नाही, कायदा आहे. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे एका छपराखाली खाण्याची पुष्कळ छोटी दुकानं असतात तिथे, 1 सप्टेंबर 2021 पासून, कॉफी शॉप (हीही अशाच दुकानांची, पण लहान जागा) आणि फूड कोर्टात 1 जानेवारी 2022 पासून. पहिल्यांदा सापडलात तर लेखी ताकीद, दुसऱ्यांदा 300 सिंगापूर डॉलर, त्यापुढे कोर्ट. सुरुवातीला अधिकारी आधी तोंडी आठवण करून द्यायचे. जून 2023 पासून तेही लाड बंद झाले.

"पैसे मोजलेत ना, मग ताट आपण का उचलायचं?" हा आपल्याकडचा पहिला प्रश्न. तो चुकीचा आहे असं नाही. इथल्या लोकांनीही हाच विचारला होता, आणि वर एक पुस्ती जोडली होती की आम्ही ट्रे उचलले तर टेबलं साफ करणाऱ्या म्हाताऱ्या माणसांनी काय करायचं? ही माणसं आजही आहेत. फडका मारणं, रॅकवर आलेली भांडी वेगळी करणं, खरकटं निपटणं ही कामं त्यांचीच. फरक इतकाच की पाच टेबलांवर सांडलेले रस्से आणि नाक पुसलेले टिशू त्यांना गोळा करत फिरावं लागत नाही. आणखी एक कारण पर्यटकाला दिसत नाही, ते म्हणजे पक्षी. हॉकर सेंटर चारी बाजूंनी उघडं असतं. ताट सोडून पाठ फिरवली की मिनिटाभरात मैना आणि कबुतरं त्यात उतरतात, रस्सा पंखांनी शेजारच्या टेबलापर्यंत पोचतो. दुपारी साडेबारानंतर ऑफिसांची गर्दी लोटते तेव्हा असं एक टेबल म्हणजे चार माणसांची खोळंबलेली जेवणं.

आपल्यालाही हे घरी शिकवलेलं असतंच. स्वतःचं ताट उचलून मोरीत ठेवल्याशिवाय हात धुवायला जायचं नाही, हे कुठल्या घरात सांगितलं नाही? पण हॉटेलचा उंबरा ओलांडला की ते संस्कार बाहेर चपलांपाशी राहतात. तरी एक गोष्ट आपल्या बाजूनेही सांगायला हवी: आपल्याकडे ताट उचललं तर ठेवायचं कुठे? मुंबईत गाडीवर उभ्याने भेळ खाणारा माणूस कागद डब्यातच टाकतो, डबा असला आणि ओसंडत नसला तर. इथे जागोजागी रॅक आहेत, म्हणून कायदा करणं सोपं गेलं. शिवाय हे शहर म्हणजेच देश. लोकसंख्या 60 लाखांच्या आसपास, आणि मुंबई 2011 च्या जनगणनेतच 1 कोटी 24 लाखांची होती. तुलना करताना एवढी सवलत आपण घेतलीच पाहिजे. सुट्टीला भारतात आल्यावर ताट टेबलावरच सोडून उठणाऱ्या सिंगापूरवासी मराठी माणसांनाही ती उपयोगी पडते.

ट्रे ठेवताना रॅकवरची पाटी वाचा. हलाल आणि बिगरहलाल भांड्यांचे रॅक वेगळे असतात, पुष्कळ ठिकाणी ट्रेचे रंगही वेगळे. डुकराचं मांस खाल्लेली वाटी हलाल रॅकवर ठेवली तर दंड नाही होत, पण ती भांडी वेगळी धुतली जातात ती याच कारणासाठी, आणि तुमच्या एका वाटीने तो सगळा खटाटोप वाया जातो. सोवळ्या-ओवळ्याच्या घरात वाढलेल्या माणसाला हे फार समजवावं लागू नये.

मुळात ही केंद्रं म्हणजे रस्त्यावरच्या गाड्यांना दिलेलं छप्पर. 1960 च्या दशकाच्या अखेरीस फेरीवाल्यांची नोंदणी झाली आणि 1971 ते 1986 या काळात त्यांना बांधीव केंद्रांत नेलं गेलं, जिथे नळ, गटार, वीज होती. आज अशी शंभराहून जास्त केंद्रं आहेत, आणि डिसेंबर 2020 मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत या खाद्यसंस्कृतीचं नाव लागलं. आपला पथविक्रेता कायदा 2014 चा. पुढचं लिहीत नाही, तुम्ही तिथेच राहता.

आता जागा धरण्याबद्दल. आधी टेबल, मग रांग. रिकाम्या टेबलावर टिशूचं पाकीट, छत्री किंवा ऑफिसचं ओळखपत्र ठेवलेलं दिसलं तर ते टेबल गेलं. याला 'चोप' म्हणतात. एसटीच्या खिडकीतून सीटवर रुमाल टाकणाऱ्यांना यात नवल वाटायचं कारण नाही, फक्त इथे तो रुमाल कुणी उचलून फेकत नाही. टिशूचं पाकीट तसंही जवळ लागतंच, कारण दुकानदार टिशू देत नाहीत. टेबलांमधून फिरून पाकिटं विकणारी वयस्कर माणसं असतात, त्यांच्याकडून घ्या. बसलात की टेबलावरचा नंबर पाहून ठेवा. काही दुकानं पदार्थ आणून देतात आणि तेव्हा तो नंबर विचारतात. 'सेल्फ सर्व्हिस' अशी पाटी असेल तर स्वतः आणायचं. विक्रेत्याला 'अंकल', विक्रेतीला 'आंटी' म्हणायचं, आपल्या काका-मावशींसारखंच. बरीच दुकानं क्यूआरवर पैसे घेतात, पण जुन्या खोडांसाठी दहा डॉलरच्या दोन नोटा खिशात असू द्या. बांधून हवं असेल तर 'ता-पाओ' म्हणा, डब्याचे काही सेंट जास्त पडतात.

पेयांचं दुकान वेगळं असतं आणि इथेच आपली माणसं सगळ्यात जास्त अडतात. 'कॉफी' म्हणू नका, 'कोपी' म्हणा. रोबस्टा बिया साखर आणि मार्गरीन घालून काळ्याकुट्ट भाजतात, आणि पूड कापडी मोज्यासारख्या गाळणीतून गाळतात. नुसतं 'कोपी' म्हटलं की कंडेन्स्ड दुधाची, दात दुखतील इतकी गोड कॉफी समोर येते. 'कोपी ओ' म्हणजे बिनदुधाची, पण साखर घातलेली. 'कोपी सी' म्हणजे आटवलेलं बिनगोड दूध आणि साखर. त्यापुढे शेपट्या जोडत जायचं: 'गाउ' म्हणजे कडक, 'पोह' म्हणजे पातळ, 'सिउ दाय' म्हणजे कमी गोड, 'कोसोंग' म्हणजे साखर शून्य, 'पेंग' म्हणजे बर्फ. क्रम असाच ठेवा: पेय, दूध, कडकपणा, साखर, बर्फ. म्हणजे बिनसाखरेची थंड दुधाची कॉफी झाली 'कोपी सी कोसोंग पेंग'. मलय, होक्कियन आणि कॅन्टनीज एका कपात ढवळल्यासारखी ही भाषा आहे, पण तिचं व्याकरण पाळलं तर चूक होत नाही. चूक होते ती मधुमेह्यांची. ते 'कोपी कोसोंग' म्हणतात आणि गोंधळ उडतो, कारण कंडेन्स्ड दूध मुळातच गोड, त्यातून साखर काढणार कुठून? त्यांनी 'ओ कोसोंग' किंवा 'सी कोसोंग' असंच म्हणावं.

चहालाही हेच नियम, फक्त 'कोपी'च्या जागी 'तेह'. आपल्या चहाच्या सगळ्यात जवळ जातो तो 'तेह सी सिउ दाय'. आलं हवं तर 'तेह हालिया'. उंचावरून ओतून फेस आणलेला तो 'तेह तारिक'. दुधात उकळलेला चहा मात्र हॉकर सेंटरमध्ये सहसा मिळत नाही. अमृततुल्यची आठवण येणार असेल तर ती इथेच येते, आणि त्यावर उपाय नाही. कप हातात घेऊन मेट्रोत शिरू नका, गाडीत खाण्यापिण्याला 500 डॉलरपर्यंत दंड आहे.

जागांमध्ये पहिली टेक्का सेंटर. लिटिल इंडिया स्टेशनातून बाहेर पडलं की समोरच. एका बाजूला मासळी-मटण-भाजीचा बाजार, दुसऱ्या बाजूला खाण्याची दुकानं, वरच्या मजल्यावर कपडे. इथली बिर्याणी डालच्यासोबत, म्हणजे डाळ-भाज्यांच्या आमटीसोबत, खायची असते. अल्लाउद्दीन बिर्याणीसमोर रांग असते आणि ती भराभर पुढे सरकते. इथला इंडियन रोजक म्हणजे वेगवेगळी भजी निवडायची, ती पुन्हा गरम करून कापून देतात, सोबत तांबडी गोडसर चटणी. चिनी रोजक वेगळा, त्यात कोळंबीची काळी पेस्ट असते. नाव सारखं म्हणून शाकाहाऱ्यांनी फसू नये. रविवारी संध्याकाळी या भागात सुट्टीवरच्या कामगारांची प्रचंड गर्दी होते, तेव्हा इतर दिवशी या.

मॅक्सवेल सेंटरला जायचं ते हायनानीज चिकन राइससाठी. तियान तियान हे दुकान क्रमांक 10 आणि 11 मध्ये आहे. आपल्या माणसाची पहिली प्रतिक्रिया: "हे काय, उकडलेलं आणि गार?" कोंबडी मंद आचेच्या पाण्यात शिजवून लगेच बर्फाच्या पाण्यात बुडवतात, त्याने कातडी घट्ट होते आणि खाली जेलीसारखा थर धरतो. हाडाजवळ गुलाबी दिसलं म्हणून ती कच्ची आहे असं समजू नका. खरी करामत भाताची. तांदूळ कोंबडीच्या चरबीत लसूण-आल्यावर परतून, पानदान नावाच्या झाडाची सुवासिक पानं टाकून, त्याच कोंबडीच्या पाण्यात शिजवतात. मिरचीची चटणी, आल्याची चटणी आणि काळा सोया, तिन्ही घ्या. चटणीशिवाय खाऊन "मुळमुळीत आहे" म्हणणाऱ्यांशी वाद घालू नये. जेवणाची वेळ टाळून अकराला पोचा. नाववाली दुकानं माल संपला की शटर ओढतात, आणि प्रत्येकाचा सुट्टीचा वार वेगळा असतो. अख्खं केंद्रही ठरावीक काळाने सफाईला बंद ठेवतात, तारखा आधीच जाहीर होतात.

लाउ पा सात हे हॉकर सेंटर बघायला जा. 1894 ची अष्टकोनी इमारत, ओतीव लोखंडाचे खांब ग्लासगोहून आणलेले. आतलं जेवण ठीक. पण संध्याकाळी सातनंतर बाजूची बून टॅट स्ट्रीट गाड्यांना बंद होते आणि रस्त्यावर साते, म्हणजे काडीला टोचलेले मांसाचे तुकडे, भाजायला सुरुवात होते. बहुधा दहा काड्यांपासून पुढे देतात. सोबतचा दाण्याचा घट्ट रस्सा आपल्या जिभेला लगेच ओळखीचा वाटतो.

बाकी थोडक्यात. मुर्तबा (खिमा भरून भाजलेला पराठा) हवा तर नॉर्थ ब्रिज रोडवर सुलतान मशिदीसमोरचं झमझम, 1908 पासूनचं. कोकणातल्या माणसाने रेस कोर्स रोडवर फिश हेड करी खावी, बनाना लीफ अपोलोत किंवा मुथूजमध्ये. तांबोशीचं अख्खं डोकं, चिंच, भेंडी, वांगी. या पदार्थाचं श्रेय केरळहून आलेल्या एम. जे. गोमेझ यांना देतात. डोकं टाकून न देणाऱ्यांच्या मुलखातून आलेला माणूसच हे करू जाणे.

शाकाहारी असाल तर सेरंगून रोडवरचं कोमला विलास (1947) आणि त्याहून जुनं आनंद भवन आहेच, पण रोज डोसे खायला इथवर कशाला आलात? हॉकर सेंटरमध्ये चिनी बौद्ध शाकाहारी दुकान शोधा. त्यांच्याकडे कांदा-लसूणही चालत नाही, त्यामुळे जैन मंडळींची अर्धी सोय आपोआप होते, कंदमुळांचं मात्र विचारावं लागतं. नकली मांस सोयाबीन आणि गव्हाच्या ग्लुटेनचं असतं. अंड्याचंही विचारा. इतर दुकानांत "नो मीट" म्हणून भागत नाही, कारण त्यांच्या लेखी सुकटाची चव म्हणजे मीट नव्हे. सांबल या मिरचीच्या चटणीत बेलाचान, म्हणजे कोळंबीची आंबवलेली पेस्ट. लक्सात, म्हणजे नारळाच्या दुधातल्या नूडल्सच्या रश्श्यात, सुकवलेली कोळंबी. चार क्वे त्याओ या परतलेल्या नूडल्समध्ये डुकराची चरबी. हिरव्या भाजीवर ऑयस्टर सॉस. रोटी पराठ्यासोबत माशाची करी न सांगता येते, म्हणून आधीच 'दाल' म्हणा.

शेवटी एसीतली रेस्टॉरंटं. मेनूत किमतीपुढे दोन अधिक चिन्हं दिसली की त्यावर 10 टक्के सेवा शुल्क, आणि त्या बेरजेवर 9 टक्के जीएसटी. 20 डॉलरचा पदार्थ 23.98 ला पडतो. चिनी रेस्टॉरंटात बसल्याबसल्या शेंगदाणे आणि ओला रुमाल समोर येतो, तो फुकट नसतो. नको असेल तर तिथल्या तिथे परत करा, बिलातून वजा होतो. चिली क्रॅब किलोवर मिळतो आणि मेनूत भाव नसतो, 'सीझनल प्राइस' एवढंच लिहिलेलं असतं. लाजू नका. किलोचा भाव काय, खेकडा किती किलोचा, आणि एकूण किती, हे तीन प्रश्न ऑर्डर देण्याआधी विचारा. किलोला 100 डॉलर धरले आणि खेकडा 1.2 किलोचा निघाला तर दोन्ही अधिक चिन्हं धरून 143.88. रस्सा पुसून खायचे तळलेले मांतोऊ पाव वेगळे मागवावे लागतात. टीप ठेवायची पद्धत नाही. आणि इथे मात्र ताट उचलायला उठू नका, त्याचेच तर 10 टक्के घेतलेत.