पैलवानाचे पोट आणि दाबमापकाचा काटा
कोल्हापुरातील आमच्या फिजिओथेरपी विभागात कंबरदुखीचे रुग्ण रोजच येतात. त्या दिवशी मात्र टेबलावर तालमीतला तरुण पैलवान पालथा झोपला होता आणि त्याच्या पोटाचा आतला स्नायू कमी पडतो हे माझे म्हणणेच सोबत आलेल्या वस्तादांना मान्य नव्हते. "मॅडम, जोर-सपाटे मारून कमावलेलं पोट आहे हे. ते कमी कसं पडंल?" प्रश्न रास्त होता, कारण पोटाचा पुढचा स्नायू, रेक्टस ॲब्डोमिनिस, बोटांना फळीसारखा लागत होता.

बेंबी मध्यावर येईल अशा बेताने पोटाखाली दाबमापक जोडलेली हवेची पिशवी सरकवून मी दाब पाऱ्याच्या ७० मिलिमीटरवर आणला आणि कणा न हलवता, श्वास न कोंडता, बेंबीखालचा भाग हलकेच आत घ्यायला सांगितले. हे नीट साधले तर दाब साधारण ६ ते १० मिलिमीटरने उतरतो. त्याचा काटा वर चढला. सोनोग्राफीत कारण दिसले: एक्सटर्नल ऑब्लिक हा वरचा थर जोरात आवळत होता, तर सर्वांत आतला ट्रान्सव्हर्सस ॲब्डोमिनिस जेमतेम जाड होत होता.

या आतल्या स्नायूचे आडवे तंतू मागे कमरेच्या पटलाला, म्हणजे स्नायूंवरच्या चिवट आवरणाला, जोडलेले असतात. तो आकसला की पोटातील दाब वाढतो, पटल ताणले जाते आणि मणक्यांना आधार मिळतो. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड विद्यापीठातील संशोधक हॉजेस आणि रिचर्डसन यांनी १९९६ मध्ये दाखवले की, निरोगी माणसात हात उचलण्याआधीच हा स्नायू कामाला लागतो, कंबरदुखीच्या रुग्णांत मात्र उशिरा.

पडद्याकडे बघत बघत त्याला ते जमले, पण तो नाराजच झाला. "एवढंच? यात ताकद कुठं लागली?" हलक्या जोराने होणारा व्यायाम पैलवानाच्या गळी उतरवणे हेच खरे अवघड काम होते. पुढे गुडघे-तळहातांवर टेकून विरुद्ध हात-पाय उचलणे, मग उभ्याने आणि शेवटी कुस्तीच्या पवित्र्यात तोच स्नायू राखणे, अशी चढण ठेवली.

काही आठवड्यांनी तो थर पडद्यावर स्पष्ट जाड होऊ लागला आणि दुखणेही ओसरले. तरी सारे श्रेय मी त्या एका स्नायूला देत नाही. त्या काळात त्याचा जड सरावही कमी केला होता, आणि दीर्घकाळात साधे नियमित व्यायामही कंबरदुखीवर जवळपास तेवढेच उपयोगी ठरतात. वस्तादांनी सगळ्याच पोरांना हे शिकवू का, असे विचारले, तेव्हा ज्यांची कंबर दुखत नाही त्यांचा नेहमीचा सराव तसाच चालू द्या, असे मी सांगितले.