आमची वाटचाल : एका एरियलपासून पुढे

बाबांनी १९८७ साली नागपुरात वाडी नाक्याजवळ टिनाच्या शेडमध्ये दुकान टाकलं, तेव्हा ते साधं डेंटिंग-पेंटिंगचं होतं. ट्रकच्या केबिनी, अँबेसेडर टॅक्स्या, कधी एखादी जीप. बारावीनंतर मी त्यांच्या हाताखाली आलो. पहिल्या बारा-पंधरा वर्षांत सांगण्यासारखं फार काही नाही. ठोका, लांबी (पुट्टी) भरा, घासा, रंग मारा आणि उधारीसाठी चकरा मारा. मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीत फवारलेला रंग पत्र्यावर बसायच्या आधीच सुकतो, म्हणून पेंटिंग पहाटे पाचला. तो नियम आजही मोडलेला नाही.

जुन्या गाड्यांकडे आम्ही ठरवून वळलो नाही. २०११ मध्ये धरमपेठेतले एक काकाजी वडिलांची १९६६ ची फियाट ११०० घेऊन आले. इंजिन दुसरीकडून करून आणलेलं होतं, बॉडी आमच्याकडे. काम चार महिन्यांत आटोपलं. गाडी न्यायला आले, तर डॅशबोर्डवरच्या रेडिओकडे बोट दाखवून म्हणाले, "भाऊ, हा मुका कामाचा नाही. याचं एरियल कुठं आहे?"

त्या काळी रेडिओ आणि एरियल, म्हणजे त्याची बाहेरची अँटेनाची दांडी, बहुधा गाडी घेतल्यावर दुकानातून बसवून घेत. त्यामुळे ‘कंपनीचं अस्सल एरियल’ असं काही शोधून मिळत नाही. त्या गाडीला तेव्हा कोणतं होतं, एवढंच शोधता येतं. काकाजींनी दोन वस्तू आणून दिल्या. एक रेडिओ लायसनची पुस्तिका, पोस्टाचे १९६८ पासूनचे शिक्के असलेली. (रेडिओ ठेवायला सरकारला वर्षाला फी भरावी लागे, हे आमच्या पोरांना खरंच वाटेना.) दुसरा एका लग्नाचा फोटो, एरियलला झेंडूची माळ बांधलेली, टोकाला जाड बोंड. गाडीचा हेडलाइट टेपनं मोजला, फोटोतला पट्टीनं मोजला, त्रैराशिक मांडलं. पूर्ण उघडलेलं एरियल साधारण चाळीस इंच निघालं.

एरियलचं भोक कुठं होतं तेही सापडलं. पुढचं मडगार्ड आतून चिखल खरवडून पाहिलं, तर रुपयाएवढी चकती वेल्डिंगनं बसवलेली. वरून आम्हीच तिच्यावर गुळगुळीत लांबी फिरवली होती. स्वतःच्या हातानं झाकलेला पुरावा स्वतःच उकरायचा, याची लाज वाटली. तेव्हापासून लांबीला हात घालण्याआधी प्रत्येक पत्रा आतून पाहतो.

मग शोध. इतवारीतल्या लोहाओळीपासून सुरुवात केली, मुंबईचा चोरबाजार दोनदा पालथा घातला. एका विक्रेत्यानं ‘जुना माल, नवाकोरा’ म्हणून एरियल पाठवलं. चकचकीत, पण लोहचुंबक टपकन चिकटला. जुन्या चांगल्या एरियलच्या नळ्या पितळेच्या असत, वर निकेल आणि क्रोम. पैसे परत आले नाहीत, चुंबक मात्र खिशात राहायला लागला. शेवटी खरं एरियल मिळालं ते सदरमधल्या एका बंद पडलेल्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात, खोक्याच्या तळाशी. तीन नळ्यांचं, वरची वाकलेली, क्रोम उडालेलं.

इथं आमची खरी शाळा भरली. नळ्या प्लेटिंगला दिल्या, झकास चमकून आल्या आणि एकमेकींत जाईनात. प्लेटिंगची जाडी वाढली होती. परत उतरवलं, आधी पितळ बफिंगनं हलकं केलं, मग पातळ थर चढवला. आता नळी सुटी दिली की स्वतःच्या वजनानं हळू उतरते. तितकंच घट्ट हवं.

एरियल बसवलं, रेडिओ लावला. खरखर! काकाजी बाजूच्या सीटवर गप्प बसले होते. तो गप्पपणा शिव्यांपेक्षा जड. दोष आमचा होता. जुनी केबल कुजली म्हणून आम्ही टीव्हीची केबल जोडली होती. आकाशवाणी नागपूर मीडियम वेव्हवर ५८५ किलोहर्ट्झवर. म्हणजे लाट पाचशे मीटरहून लांब आणि आपलं एरियल एक मीटरचं. इतक्या आखूड एरियलकडे सिग्नल मुळातच चिमूटभर, त्यात टीव्हीच्या केबलची कपॅसिटन्स (विजेचा भार स्वतःत धरून ठेवायचा गुण) जास्त, ती अर्ध्याहून अधिक सिग्नल वाटेतच गिळते. गाडीच्या एरियलच्या केबलमध्ये आतली तार केसासारखी बारीक आणि भोवती बहुतेक हवाच असते, ती उगीच नाही. तशी केबल मिळवली. मडगार्डच्या आतला रंग तारेच्या ब्रशनं खरवडून बुडाचे दाते उघड्या पत्र्यावर घट्ट आवळले, कारण अर्थिंग (बॉडीशी विजेची जोडणी) नीट बसलं नाही तर डायनॅमोची घरघर गाण्यात मिसळते. शेवटी रेडिओच्या कडेचा ट्रिमरचा, म्हणजे रेडिओ एरियलशी जुळवायचा, स्क्रू. चौदाशे किलोहर्ट्झच्या आसपास एखादं कमजोर स्टेशन पकडून तो बारीक स्क्रू ड्रायव्हरनं आवाज सगळ्यात मोठा होईपर्यंत फिरवायचा. पाव फेऱ्याचा खेळ.

मग काटा ५८५ वर आणला. बातम्या लागल्या. काकाजी म्हणाले, "जरा वेळ राहू दे." हवामानाचा अंदाज संपेपर्यंत आम्ही चौघे उन्हात तसेच उभे.

त्या कामात आम्हाला पैसे सुटले नाहीत. पण काकाजींच्या ओळखीनं पुढच्या वर्षी अमरावतीची एक हेराल्ड गाडी आली, मग एक मॉरिस मायनर. तिचं अर्थिंग पॉझिटिव्ह, म्हणजे बॅटरीचं प्लस टोक बॉडीला जोडलेलं, म्हणून रेडिओ उलटा जोडून जाळता जाळता वाचला. टॅक्स्यांचं काम कमी होत गेलं तसं हे वाढत गेलं. आज शेडच्या जागी पक्कं छत आहे, सहा माणसं आहेत आणि एका पत्र्याच्या पेटीत पितळी नळ्या, बोंडं, रबरी वॉशर, जुनी प्लगं. पेटीला कुलूप आहे, टूलबॉक्सला नाही.

एखादा गिऱ्हाईक सांगतो, नवं लावून टाका ना, कोण पाहतंय. लावून देतो, गाडी त्याची आहे. फक्त पत्र्याला नवं भोक पाडत नाही, आणि बिलावर ‘जुन्या पद्धतीचं’ लिहीत नाही.

काकाजींची फियाट अजून येते. संक्रांतीच्या आधी हमखास, कारण धरमपेठेत मांजा एरियलमध्ये अडकतो आणि पोरं ओढतात. वरची नळी आतापर्यंत दोनदा सरळ केली आहे.