फ्लूची लस, अंड्याची अ‍ॅलर्जी आणि न्यू जर्सीचा कायदा

कॅलिफोर्नियात होते तोवर फ्लूच्या लशीचा प्रश्न एका सहीत मिटायचा. तिथे हॉस्पिटलच्या कर्मचाऱ्याला लस नको असेल तर तसं लेखी द्यावं लागतं; मग आमच्या काउंटीच्या नियमाप्रमाणे हिवाळाभर वॉर्डात मास्क लावायचा. मी फिजिओथेरपिस्ट. लहानपणी सिल्लोडला उकडलेलं अंडं खाल्लं की माझे ओठ सुजायचे, अंगभर पित्त उठायचं. म्हणून दरवर्षी ‘अंड्याची अ‍ॅलर्जी’ असं लिहून मी सही ठोकायचे. पुढे कुणी काही विचारलं नाही.

२०२३ मध्ये न्यू जर्सीत नोकरी धरली. इथे जानेवारी २०२० च्या कायद्यानं हॉस्पिटल, नर्सिंग होम आणि घरी जाऊन सेवा देणाऱ्या संस्थांच्या कर्मचाऱ्यांना दरवर्षी ३१ डिसेंबरच्या आत लस घेणं बंधनकारक केलंय. नुसतं ‘नको’ म्हणून चालत नाही. या कायद्यात सूट आहे ती वैद्यकीय कारणासाठी, डॉक्टरच्या सहीनं, आणि ते कारणही सीडीसीच्या, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेच्या, तज्ज्ञ समितीच्या शिफारशींत बसणारं हवं.

माझ्या डॉक्टरनं फॉर्म भरून दिला आणि तो नामंजूर झाला. कारण एका ओळीचं, खाली ‘उत्तर देऊ नये’ असा पत्ता. चिडून एम्प्लॉयी हेल्थच्या खोलीत गेले. तिथली केरळची सिस्टर शांतपणे म्हणाली, ‘‘आधी फ्लूचीच लस घेऊन जोरदार रिअ‍ॅक्शन आली असती तर गोष्ट वेगळी. अंडं आता चालत नाही.’’ खरंच होतं ते. २०२३-२४ च्या हंगामापासून सीडीसी सांगते, की अंड्याची अ‍ॅलर्जी कशीही असो, वयाला योग्य अशी कुठलीही फ्लूची लस घेता येते, आणि त्यासाठी वेगळी खबरदारीही लागत नाही. कोंबडीच्या अंड्यात वाढवलेल्या लशीतही अंड्याचं प्रथिन उरतं ते मायक्रोग्रॅमच्या हिशेबात.

कागदावरचं पटलं, पण मनातली भीती जाईना. अ‍ॅलर्जीच्या तज्ज्ञ बाईंकडे गेले. त्यांनी हातावर पेनानं खुणा केल्या, प्रत्येक खुणेशी एक थेंब टाकून सुईनं टोचलं आणि घड्याळ लावलं. तुलनेसाठी टाकलेल्या हिस्टामिनच्या (याची गांधी सगळ्यांनाच येते) जागी मच्छर चावल्यासारखी टपोरी गांधी आली. अंड्याच्या पांढऱ्या बलकाच्या जागी जेमतेम लाली. ‘‘केक खाता?’’ खाते की. ‘‘काही होतं?’’ वजन वाढतं, दुसरं काही नाही. त्या हसल्या आणि म्हणाल्या, एवढं करूनही धाकधूक असेल तर बिनअंड्याची लस मागून घ्या.

ती म्हणजे फ्लुब्लॉक. ही अंड्यात नाही, किड्याच्या पेशींत तयार होते. कुठल्या किड्याच्या म्हणून बघितलं, तर स्पोडोप्टेरा फ्रुजिपर्डा, म्हणजे आपली ती लष्करी अळी! २०१९ मध्ये हिनंच आमचा मका पोंग्यातून पोखरून खाल्ला होता आणि अण्णांनी उभ्या पिकात नांगर घातला होता. फोनवर सांगितलं तर म्हणाले, ‘‘आमचं खाल्लेलं तिनं असं तरी फेडलं म्हणायचं.’’ आईला अळी ऐकूनच मळमळलं. अंडं बाटवतं तर अळी काय करते, हा तिचा प्रश्न मी वाहतूक कोंडीचं कारण सांगून टाळला.

साठा थोडा होता, सिस्टरनं एक डोस बाजूला काढून ठेवला. नेहमीच्या लशीत प्रत्येक विषाणूमागे १५ मायक्रोग्रॅम प्रतिजन (शरीराला विषाणू ओळखायला शिकवणारं प्रथिन) असतं, हिच्यात ४५. दंड दोन दिवस ठणकला. पित्त नाही की सूज नाही.

सक्तीबद्दल विचाराल, तर लशीची सक्ती मला मान्य आहे. पक्षाघातातून उठलेल्या आजोबांना कमरेच्या पट्ट्याला धरून चालवताना माझं तोंड त्यांच्या तोंडापासून वीतभर असतं, आणि फ्लू लक्षणं दिसायच्या एक दिवस आधीपासूनही पसरू शकतो. ‘आजारी वाटलं तर घरी बसेन’ हे तिथे पुरत नाही. सूट मिळालेल्यांना हंगामभर मास्क, हे मात्र मला कच्चं वाटतं. कॅनडात ओंटारिओच्या नर्सेसच्या संघटनेनं ‘लस नाहीतर मास्क’ या धोरणाविरुद्ध २०१५ आणि २०१८ मध्ये लवादापुढे निकाल मिळवले, ते पुरावा अपुरा होता म्हणून. आमच्या ब्रेकरूममध्ये दोन्ही बाजूंचे लोक हे निकाल आपापल्या सोयीनं वापरतात.

लस झाली तरी पोर्टलवर माझ्या नावापुढे लाल खूण तशीच. ‘ड्यूटी लावली जाणार नाही’ असा मेलही येऊन गेला. शेवटी सिस्टरनं लॉट नंबरसकट पावती स्वतः अपलोड केली, तेव्हा कुठे हिरवं झालं आणि बॅजवर स्टिकर मिळाला. नवीन रुजू होणाऱ्यांना मी एवढंच सांगते, की पावतीचा फोटो तिथल्या तिथे काढा, आणि बिनअंड्याची हवी असेल तर सप्टेंबरमध्येच नाव द्या. डिसेंबरात फक्त मेल येतात.