नावातला ‘एल’

‘इसाबेल दुसरी हिचं निधन’ ही बातमी मी स्पॅनिशमध्ये वाचली आणि गोंधळलेच. स्पेनची इसाबेल दुसरी १८६८मध्ये गादीवरून गेली, १९०४मध्ये पॅरिसला वारली. मग आता ही कोण? खाली फोटो लंडनच्या एलिझाबेथचा! सप्टेंबर २०२२ होता. स्पॅनिश लोक तिला इसाबेलच म्हणत आले. तिच्या लेकाचा, चार्ल्सचाही त्यांनी कार्लोस करून टाकलाय.

इसाबेल आणि एलिझाबेथ ही दोन्ही नावं एकाच घरची. मूळ हिब्रू ‘एलिशेवा’, मोशेचा भाऊ अहरोन याची बायको. मराठी बायबलमधली अलीशिबा ती हीच. आपलं रूप मुळाच्या किती जवळ राहिलंय पाहा. ‘एली’ म्हणजे माझा देव. ‘शेवा’ला मात्र दोन अर्थ चिकटलेत, सात आणि शपथ. हिब्रूत शपथ घेण्याचं क्रियापद सातच्याच धातूतून येतं. बेर-शेवा या गावाच्या कथेत अब्राहाम विहिरीपायी करार करतो, तेव्हा सात मेंढ्या बाजूला काढून देतो. आकडाही झाला, आणभाकही झाली. सप्तपदी चाललेल्या माणसाला हे वेगळं समजवावं लागू नये.

ग्रीक-लॅटिनमधून हे नाव ‘एलिसाबेत’ होऊन स्पेनला पोचलं. तिथे ‘एल’ हे पुल्लिंगी उपपद. बाईच्या नावापुढे ते कशाला, म्हणून लोकांनी ते गाळलं असं सांगतात. शेवटचा ‘त’ही जिभेला जड, त्याचा ‘ल’ झाला. म्हणजे पुढच्या दारानं देव बाहेर गेला आणि मागच्या दारानं नुसताच एक ‘एल’ आत येऊन बसला! मेक्सिकोत तर लाडानं तिची चाबेला होते. तिच्यात अलीशिबा शोधून दाखवा.

या नावाची सगळ्यात प्रसिद्ध बाई म्हणजे कास्तीलची राणी इसाबेल पहिली, कोलंबसाला धाडणारी. त्याच वर्षी, ३१ मार्च १४९२ला, ग्रानादात तिनं आणि तिच्या नवऱ्यानं, फर्नांदोनं, फर्मान काढलं: ज्यूंनी बाप्तिस्मा घ्यावा, नाहीतर जुलैअखेर देश सोडावा. सोनं, चांदी, नाणी बरोबर न्यायची नाहीत. शतकानुशतकांची घरं मिळेल त्या भावात विकून माणसं पोर्तुगालला, मोरोक्कोला, तुर्कांच्या मुलखात गेली.

फर्मानाखाली राणीची सही आहे ती नुसतीच ‘मी, राणी’. नाव वर, सुरुवातीलाच, नवऱ्याच्या नावाशेजारी आहे: दोन्या (म्हणजे बाईसाहेब) इसाबेल.