नाथसागर आटला की गाव वर येतं

पैठणला लहानपणापासून जातोय, नाथांचं दर्शन, उद्यान, मग घरच्यांना पैठणीच्या दुकानातून बाहेर काढायचं, झालं. यावेळी सोबत कॅमेरावाला मित्र होता आणि त्याला जायकवाडी धरणाच्या 27 दरवाज्यांत काडीचा इंटरेस्ट नव्हता, त्यामागच्या नाथसागराचं बॅकवॉटरच पाहिजे होतं, म्हणून भर मे महिन्यात बिडकीन-ढोरकीन करत काठाला गेलो.

काठ कसला, पाणी पार लांब सरकलेलं. मधे गाळपेर म्हणजे उघड्या पडलेल्या गाळातली शेती, टरबुजाचे वेल, मोटारींचे काळे पाइप, आणि त्यातच घरांचे चौथरे, फुटकं जातं, एका आडाचा कठडा. धरणाची पायाभरणी 1965 ची, उद्घाटन 1976 चं, शंभरावर गावांना त्याची झळ बसली. 1986 पासून इथं पक्षी अभयारण्य आहे, थंडीत लोक फ्लेमिंगो बघायला येतात, खाली गाव आहे हे कुणाच्या गावीही नसतं.

मित्र वाटेत गिडियन मेंडेलबद्दल सांगत होता. साउथ आफ्रिकेत जन्मलेला फोटोग्राफर, 2007 पासून जगभरचे पूर शूट करतोय, माणसं स्वतःच्याच बुडालेल्या घरात पाण्यात उभी राहून सरळ कॅमेऱ्यात बघतात, रडारड नाही काही नाही. मला हे लई पटलं. आपल्याकडचे फोटो म्हणजे भेगाळलेली जमीन अन् कपाळाला हात लावलेला शेतकरी, संपला मराठवाडा! 2016 ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा तर असल्या फोटोंचा रतीबच होता, पण त्यातल्या माणसाचं नाव काय, गाव कोणतं, कुणी विचारलं का?

गाळपेर करणारे एक बाबा भेटले. फोटो काढू का विचारलं तर म्हणे, "हितं नगं, आमच्या वसरीत चला," आणि ढेकळं तुडवत एका चौथऱ्यावर नेलं, टोपी नीट केली, ताठ उभे राहिले. इतकं मेंडेल-मेंडेल करून मित्रच सवयीनं म्हणाला, बाबा जरा खाली जमिनीकडे बघा.

"कामून? माझं काय हरवलंय व्हय तिथं?"

तो फोटो त्यांच्या नातवाला व्हॉट्सॲप केला, त्यानं तो गावाच्या ग्रुपवर टाकला, अन् रात्रीपर्यंत पुनर्वसनातल्या म्हाताऱ्यांची जुंपली की ती वसरी बाबांची नाहीच, बाबांचं घर वेशीकडं होतं, ही तर आमच्या चुलत्याची. नातू अजून व्हॉइस मेसेज पाठवतोय.